एडवर्ड लिअर यांची भारतीय निसर्गजलरंगचित्रे आणि 'द कमरबंड' : एका चित्रकार-कवीच्या दृष्टीचे आकलन

सारांश

एकोणिसाव्या शतकात भारतात आलेल्या युरोपीय निसर्गचित्रकारांमध्ये एडवर्ड लिअर (१८१२-१८८८) यांचे स्थान वेगळे आहे. ते व्यवसायाने निसर्गचित्रकार होते. जगाला मात्र त्यांची ओळख निरर्थकाव्याचे कवी म्हणून आहे. नोव्हेंबर १८७३ ते जानेवारी १८७५ या काळात त्यांनी भारत आणि श्रीलंका येथे प्रवास केला. या प्रवासाचा आरंभ मुंबईत झाला आणि शेवटही मुंबईतच झाला. प्रस्तुत लेखात त्यांच्या जलरंगचित्रांची रचनापद्धती स्पष्ट केली आहे. याच प्रवासात लिहिलेल्या व १८७४मध्ये मुंबईच्या वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेल्या 'द कमरबंड' या कवितेशी त्या चित्रांचा असलेला आंतरिक संबंधही तपासला आहे. चित्र आणि कविता परस्परांच्या उजेडात वाचल्यास वसाहतकालीन दृष्टीची मर्यादा आणि तिचे दस्तऐवजी मूल्य या दोहोंचे भान येते, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : निसर्गचित्र, जलरंग, निरर्थकाव्य, वसाहतकालीन मुंबई, साष्टी.

१. प्रस्तावना

साहित्य आणि चित्रकला यांचा परस्परसंबंध हा आंतरविद्याशाखीय अभ्यासाचा एक परिचित विषय आहे. एकाच व्यक्तीच्या ठिकाणी या दोन्ही कला नांदत असतील, तर हा अभ्यास अधिक फलदायी होतो. इंग्लंडमध्ये विल्यम ब्लेक आणि दांते गॅब्रिएल रोझेटी, आपल्याकडे रवींद्रनाथ टागोर ही नावे या संदर्भात नेहमी घेतली जातात. एडवर्ड लिअर यांचे नाव मात्र सहसा बालसाहित्याच्या इतिहासातच येते. इंग्रजी विभागात त्यांच्या लिमरिकचा उल्लेख होतो आणि कलेतिहासात त्यांची निसर्गचित्रे एखाद्या परिच्छेदात आटोपली जातात. या दोन बाजू एकमेकींपासून तोडून पाहिल्यामुळे दोन्हींचे आकलन अपुरे राहते.

मुंबईतील वाचकाला या विषयाचे आणखी एक कारण आहे. लिअर यांनी भारतातील पहिले चित्र-निरीक्षण मुंबईत केले आणि त्यांची भारतविषयक सर्वांत प्रसिद्ध कविता प्रथम मुंबईतच छापली गेली. त्या काळातील मुंबई, तिच्या उत्तरेकडील साष्टी बेट आणि त्या बेटावरील डोंगररांग यांचे रूप आज ओळखू न येण्याइतके पालटले आहे. दिंडोशी, गोरेगाव, मालाड, भांडुप, मुलुंड या परिसरांत राहणाऱ्या व शिकवणाऱ्या प्राध्यापकवर्गाला एकोणिसाव्या शतकातील निसर्गचित्र कसे वाचावे हा प्रश्न म्हणूनच निव्वळ सौंदर्यशास्त्रीय वाटू नये. आपल्या भोवतालच्या भूमीचे पूर्वरूप कोणत्या साधनांनी जाणता येते, हा प्रश्नही त्यातच सामावलेला आहे.

२. चित्रकार-कवीची जडणघडण

लिअर यांचा जन्म १२ मे १८१२ रोजी लंडनजवळील हॉलोवे येथे झाला. एकवीस अपत्यांपैकी ते विसावे. वडिलांच्या व्यवसायात आलेल्या आर्थिक संकटामुळे कुटुंब विस्कळीत झाले आणि लहानग्या एडवर्डचा सांभाळ थोरली बहीण ॲन हिने केला. बालपणापासून त्यांना अपस्माराचे झटके येत. ही व्याधी त्यांनी आयुष्यभर जगापासून लपवून ठेवली. दृष्टी अधू, प्रकृती नाजूक आणि मन वारंवार विषादाने ग्रासलेले, अशा अवस्थेत त्यांनी पंधरा-सोळाव्या वर्षापासून चित्रे विकून उदरनिर्वाह सुरू केला.

त्यांचा पहिला लौकिक पक्षिचित्रकार म्हणून झाला. १८३० ते १८३२ या काळात त्यांनी पोपटांच्या कुळावरील ४२ शिलामुद्रित चित्रांचा संच प्रसिद्ध केला. मृत नमुन्यांऐवजी जिवंत पक्षी समोर ठेवून ही चित्रे काढली होती, हे त्यांचे वैशिष्ट्य. दक्षिण अमेरिकेतील एका निळ्या मकाव पोपटाच्या शास्त्रीय नावात आजही लिअर यांचे नाव आहे. पुढे डर्बीच्या अर्लच्या नोज्ली येथील खासगी प्राणिसंग्रहातील पशुपक्ष्यांची चित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या घरातील मुलांच्या करमणुकीसाठी त्यांनी रचलेल्या सचित्र पाच ओळींच्या पद्यांतून 'अ बुक ऑफ नॉन्सेन्स' (१८४६) हे पुस्तक जन्मास आले. पहिल्या आवृत्तीवर त्यांचे खरे नाव नव्हते. १८६१च्या आवृत्तीपासून ते छापले गेले.

सूक्ष्म कामामुळे डोळ्यांवर येणारा ताण आणि इंग्लंडमधील थंडी यांमुळे त्यांनी १८३७मध्ये रोम गाठले आणि निसर्गचित्रण हा व्यवसाय पत्करला. इटली, ग्रीस, अल्बानिया, इजिप्त, पॅलेस्टाइन असा त्यांचा संचार पुढील तीन-साडेतीन दशके चालू राहिला. १८४६मध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाला चित्रकलेचे धडे दिले. इतके होऊनही तैलचित्रकार म्हणून आपले शिक्षण अपुरे आहे ही खंत त्यांना इतकी सलत होती, की १८५०मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांनी रॉयल अकॅडमीच्या शाळेत विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला. शिक्षणसंस्थेत काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा हा प्रसंग आहे.

३. मुंबईतील आगमन

१८७२मध्ये भारताचे व्हाइसरॉय झालेले लॉर्ड नॉर्थब्रुक हे लिअर यांचे स्नेही होते. त्यांच्या निमंत्रणावरून लिअर १८७२च्या शरद ऋतूत निघाले. परंतु सुएझपर्यंत येऊन ते माघारी वळले. पुढील वर्षी त्यांनी पुन्हा प्रस्थान केले आणि २२ नोव्हेंबर १८७३ रोजी ते मुंबईत उतरले. त्या वेळी त्यांचे वय एकसष्ट होते. सोबत जॉर्जिओ कोकाली हा कॉर्फू बेटावरील सुलिओट वंशाचा सेवक होता. तो १८५६पासून त्यांच्याजवळ होता. प्रवासातील स्वयंपाक, सामान आणि आजारपण हे सारे त्याच्याच भरवशावर चालत असे.

लिअर ज्या मुंबईत उतरले ती झपाट्याने बदलत होती. किल्ल्याची तटबंदी १८६०च्या दशकात पाडली गेली होती. विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि सचिवालय यांची बांधकामे पूर्णत्वास येत होती. भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) १८७२मध्ये खुले झाले होते. त्याच वर्षी सर ज. जी. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम सुरू केले होते व ते १८८५पर्यंत चालले. म्हणजे परकीय चित्रकार भारतीय निसर्ग टिपत फिरत असताना, मुंबईतील भारतीय विद्यार्थी स्वदेशातील प्राचीन चित्रपरंपरेची ओळख एका इंग्रज शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली करून घेत होते. या दोन घटना समकालीन आहेत, हे त्या काळातील दृश्यसंस्कृतीचे आकलन होण्यासाठी महत्त्वाचे आहे.

मुंबईच्या पहिल्या दर्शनाने लिअर हर्षभरित झाले. माणसांचे पेहराव, ताडमाडांची झाडे, फुले, प्राणी या सर्वांविषयी त्यांच्या दैनंदिनीत अक्षरशः उद्गारचिन्हांची रांग लागलेली आढळते. आयुष्यभर भूमध्य सागराच्या काठावरील कोरड्या, पिंगट प्रदेशांची चित्रे काढलेल्या डोळ्यांना ही हिरवाई आणि ही वर्णसमृद्धी अपरिचित होती. येथूनच त्यांच्यापुढे तांत्रिक प्रश्न उभा राहिला : इतक्या दाट, एकमेकांत गुंतलेल्या वनस्पतिसृष्टीचे रेखन करावे कसे ?

४. निसर्गजलरंगचित्राची घडण

लिअर यांच्या जलरंगचित्रांचे स्वरूप समजून घ्यायचे तर त्यांची कार्यपद्धती पाहणे अगत्याचे आहे. ही पद्धती ढोबळमानाने तीन टप्प्यांची होती.

पहिला टप्पा प्रत्यक्ष स्थळावरील पेन्सिल-रेखाटनाचा. सूर्योदयाच्या सुमारास मुक्काम सोडून ते जागा निवडत आणि त्वरेने मुख्य रेषा कागदावर उतरवत. कागदाच्या कोपऱ्यात स्थळाचे नाव, दिनांक, पुष्कळदा वेळ आणि त्या प्रवासातील अनुक्रमांक नोंदवला जाई. चित्राच्या पृष्ठभागावरच रंगांच्या शाब्दिक टिपा लिहिल्या जात. येथे जांभळट सावली, तेथे फिकट हिरवे शेत, पलीकडे खडक अशा त्या टिपा असत. या टिपांतही कवी डोकावतो. खडक या अर्थाचा इंग्रजी शब्द ते रूढ स्पेलिंग बाजूस ठेवून, उच्चाराप्रमाणे तीन अक्षरांत उरकत. कामाची घाई आणि शब्दाशी खेळण्याची खोड अशी एकाच ठिकाणी भेटते.

दुसरा टप्पा शाईचा. सायंकाळी मुक्कामी किंवा पुढे सवडीने, पेन्सिलीच्या रेषा तपकिरी शाईने पक्क्या केल्या जात. लिअर यांच्या रेषेचे सामर्थ्य या टप्प्यात दिसते. डोंगराची कड, झाडाचा बुंधा, वाटेचे वळण हे सर्व एका लवचिक, किंचित थरथरत्या रेषेने व्यक्त होते. हीच रेषा त्यांच्या विनोदी रेखाचित्रांतील लांब नाकांच्या म्हाताऱ्यांना आकार देते.

तिसरा टप्पा रंगलेपनाचा. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग कागदाचा असतो. प्रकाश कागदावरून परावर्तित होऊन पातळ रंगथरातून डोळ्यांपर्यंत येतो. त्यामुळे एकदा झाकलेला उजेड पुन्हा मिळवणे दुरापास्त असते. तैलरंगात चूक झाकता येते, जलरंगात ती दिसतच राहते. उन्हाळ्यात कोरड्या हवेत रंगाचा हात फिरण्यापूर्वीच वाळतो, तर पावसाळ्यात दमट हवेमुळे वाळतच नाही व कागदावर बुरशी धरण्याचे भय असते. १८७४च्या पावसाळ्यात लिअर पुण्यात मुक्कामी होते. कोकण-घाटमाथ्यावरील पाऊस अनुभवलेल्या कोणालाही जलरंगचित्रकाराची त्या दिवसांतील अडचण सांगावी लागणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या पत्रकांकडे लिअर स्वतः पूर्ण झालेली चित्रे म्हणून पाहत नसत. ती त्यांच्या लेखी साठवण होती. तिच्या आधारे पुढे मागणीनुसार घोटीव जलरंगचित्रे किंवा मोठी तैलचित्रे करून विकायची, हा त्यांचा व्यवसाय होता. १८६०च्या दशकात त्यांनी एकेका वेळी साठ साठ जलरंगचित्रे ओळीने मांडून, एकामागून एक रंगाचा एकेक हात देत पूर्ण करण्याची पद्धतही अवलंबली होती. या चित्रांना त्यांनी स्वतःच 'जुलमी सत्ताधीश' या अर्थाचे नाव दिले होते. कारण पोटासाठी त्यांची चाकरी करावी लागत होती. विक्रीयोग्य चित्रे आणि स्थळावरील रेखाटने यांत आजचे अभ्यासक रेखाटनांना अधिक मोलाची मानतात, यात एक करुण विसंगती आहे. चित्रकाराने जे कच्चे साधन म्हणून पेटीत जपले, तेच काळाच्या कसोटीवर पक्के ठरले.

५. प्रवासक्रम आणि कांचनगंगेचे उदाहरण

मुंबईहून लिअर उत्तरेकडे गेले. लखनौ, बनारस, कलकत्ता करीत ते जानेवारी १८७४मध्ये दार्जिलिंगला पोहोचले. त्यानंतर आग्रा, दिल्ली आणि एप्रिलमध्ये सिमला असा त्यांचा मार्ग होता. पावसाळा पुण्यात काढून ते हैदराबादमार्गे दक्षिणेत उतरले. मद्रास, महाबलिपुरम्, तंजावर, त्रिचनापल्ली, निलगिरी आणि मलबार किनारा पाहून ते नोव्हेंबर १८७४मध्ये श्रीलंकेस गेले. तेथे जॉर्जिओ गंभीर आजारी पडला. प्रवास आवरता घ्यावा लागला आणि जानेवारी १८७५मध्ये दोघे मुंबईहून युरोपकडे परतले.

दार्जिलिंगहून दिसणारे कांचनगंगा हे या प्रवासातील सर्वांत चर्चिले गेलेले दृश्य होय. या शिखराविषयी लिअर यांची दैनंदिनीतील नोंद मार्मिक आहे. हा पर्वत इतका दूर, इतका देवतुल्य व अफाट आहे, की त्याच्याशी जवळीक वाटत नाही, असा तिचा आशय आहे. हिमालयाला देवतात्मा म्हणणारी परंपरा आपल्या परिचयाची आहे. परंतु भारतीय मनाला त्या देवत्वात आश्रय वाटतो, तर लिअर यांना त्यात दुरावा जाणवला. स्थळावरील रेखाटनांवरून त्यांनी पुढील काही वर्षांत तीन मोठी तैलचित्रे लॉर्ड ॲबरडेअर, लेडी ॲशबर्टन आणि लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्यासाठी पूर्ण केली. १८७९चे एक चित्र सध्या अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. अग्रभागी दाट वनराजी व लहानशा मानवी आकृती, मध्ये धुक्याने भरलेली दरी आणि वर हिमशिखर अशी त्याची त्रिस्तरीय मांडणी आहे.

अग्रभूमी, मध्यभूमी व दूरभूमी ही विभागणी लिअर यांची स्वतःची नव्हे. विल्यम गिल्पिन यांच्यासारख्या अठराव्या शतकातील इंग्रज लेखकांनी रूढ केलेल्या 'चित्रसदृश सौंदर्य' या संकल्पनेत ती अंतर्भूत आहे. थॉमस व विल्यम डॅनिएल या चुलत्या-पुतण्यांनी १७९३मध्ये मुंबईस येऊन साष्टी बेटावरील लेण्यांची चित्रे केली, तीही याच चौकटीत. या चौकटीत माणसाचे काम ठरलेले असते : तो दृश्याचे प्रमाण दाखवतो, रंगाचा एखादा ठिपका पुरवतो आणि निसर्गाच्या भव्यतेची जाणीव गडद करतो. त्याचे नाव, त्याचा व्यवसाय किंवा त्याचे त्या भूमीशी नाते यांच्याशी चित्राला कर्तव्य नसते.

६. 'द कमरबंड' : शब्दांचे निसर्गचित्र

जुलै १८७४मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबई अंकात लिअर यांची 'द कमरबंड' ही कविता प्रसिद्ध झाली. पुढे ती 'लाफेबल लिरिक्स' (१८७७) या संग्रहात समाविष्ट झाली. तिला 'भारतीय कविता' असे उपशीर्षक आहे. वरकरणी ही एका सुंदर स्त्रीची शोकान्त कथा आहे. संध्याकाळी ताऱ्याकडे पाहत ती बसलेली असते. भोवती झाडे, वेली, नदी, मासे, पक्षी यांचे रम्य वातावरण असते. अकस्मात कमरबंड नावाचे हिंस्र श्वापद येते आणि तिला गिळून टाकते. शेवटी इतर स्त्रियांना सावधगिरीचा इशारा दिला जातो.

कवितेची गंमत तिच्या शब्दकळेत आहे. सर्व प्रमुख नामे भारतातील इंग्रजांच्या घरांत रोज कानांवर पडणारी आहेत. मात्र त्यांचे अर्थ काढून घेतलेले आहेत. नायिका ज्यावर बसते तो 'धोबी' आहे. तिच्या रूपाची वाखाणणी 'पंखे' करतात. खानसामे उंच वृक्षांसारखे वाढलेले आहेत, खिदमतगार वेलींसारखे लोंबत आहेत, चपराशी सोनेरी पंखांचे मासे होऊन नदीत पोहत आहेत. आया हिरवे पक्षी होऊन झाडांच्या शेंड्यांवर बसल्या आहेत आणि भिस्ती चिवचिवत आहेत. 'नाला' वृक्ष झाला आहे, 'निमक' गुणगुणतो आणि 'मसक' रात्रभर विव्हळतो. निमक म्हणजे मीठ व मसक म्हणजे भिस्त्याची पखाल, हे ठाऊक असणाऱ्या मराठी वाचकाला येथे हसू आवरत नाही. सिमल्याकडे माणसांनी खांद्यावर वाहून नेण्याच्या खुर्चीला 'जांपान' म्हणत. ते कवितेत गुहेतून गुरगुरणारे जनावर झाले आहे. लिअर एप्रिलमध्ये सिमल्यात होते आणि कविता जुलैत छापली गेली. हे पाहता, चित्रकार रंगांच्या टिपा जमवतो तसे कवी प्रवासभर शब्द जमवीत होता, हे उघड होते.

निरर्थकाव्यात व्याकरण शाबूत असते आणि अर्थ निसटलेला असतो. वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद आपापल्या जागी असतात. छंदही निर्दोष असतो. त्यामुळे वाचकाला प्रत्येक ओळीत अर्थ आहे असा भास होतो. बंगालीत सुकुमार राय यांच्या 'आबोल ताबोल' (१९२३) या संग्रहाने आणि मराठीत विंदा करंदीकरांच्या 'एटू लोकांचा देश'सारख्या बालकवितांनी या प्रकारच्या काव्याला देशी रूप दिले. लिअर यांच्या कवितेचे वैशिष्ट्य असे, की तिच्यातील निरर्थ शब्द त्यांनी बनवलेले नाहीत. ते दुसऱ्या भाषांतील पूर्ण अर्थवाही शब्द आहेत. इंग्रज वाचकाला ते निव्वळ नाद वाटतात आणि भारतीय वाचकाला त्यांत माणसे दिसतात. एकाच कवितेचे हे दोन वाचक परस्परांपासून फार दूर उभे आहेत.

७. चित्र आणि कविता : समान सूत्र

या ठिकाणी लिअर यांच्या दोन्ही कलांमधील समान सूत्र हाती लागते. कवितेत धोबी, आया, भिस्ती, चपराशी, खानसामा ही कष्टकरी माणसे झाडे, पक्षी, मासे व वेली बनून निसर्गात विरघळतात. 'चित्रसदृश' परंपरेतील निसर्गचित्रातही हीच माणसे अग्रभागातील रंगाचे ठिपके बनून निसर्गाचा भाग होतात. चित्रात जे गंभीरपणे आणि रूढीने घडते, तेच कवितेत उघड थट्टेने घडते. कविता ही जणू निसर्गचित्राच्या पद्धतीचे विडंबन आहे.

मग हे विडंबन कोणाचे ? याचे एकपदरी उत्तर देणे योग्य होणार नाही. एका अर्थाने लिअर भारतीय भाषांची चेष्टा करतात, असे म्हणता येईल. परंतु कवितेतील बळी भारतीय नाही. सेवकांच्या नावांनी भरलेल्या उद्यानात निश्चिंत बसलेली स्त्रीच शेवटी गिळली जाते, तीही कमरेच्या पट्ट्याचे नाव धारण करणाऱ्या श्वापदाकडून. ज्या शब्दांचा अर्थ समजून घेण्याची तसदी घेतली नाही, तेच शब्द उलटून अंगावर येतात, असा या कथेचा रोख दिसतो. १८५७च्या उठावाला जेमतेम सतरा वर्षे झाली होती, हे ध्यानात घेता मुंबईतील इंग्रज वाचकांच्या हास्यामागे थोडी अस्वस्थताही असावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

याच मुंबईत, याच शतकात, शब्दांकडे पाहण्याची अगदी निराळी दृष्टीही विद्यमान होती. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८५७मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झालेल्या या कोशात शब्दाच्या छटा, प्रदेशभेद व वापर यांची काळजीपूर्वक नोंद आहे. इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेल्या भारतीय शब्दांचा यूल व बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६मध्ये आला. कोशकार शब्दाला त्याचा अर्थ परत मिळवून देतो. निरर्थकवी तो काढून घेतो. वसाहतकालीन ज्ञानव्यवहारात या दोन्ही प्रवृत्ती शेजारी शेजारी नांदत होत्या. त्यांपैकी एकच पाहून त्या काळाविषयी निर्णय देणे एकांगी ठरेल.

८. साष्टीच्या टेकड्या आणि दस्तऐवजाचे मूल्य

लिअर यांची दृष्टी मर्यादित होती असे म्हटल्याने त्यांच्या चित्रांचे मूल्य संपत नाही. दिनांक, वेळ व स्थळ यांसह केलेली त्यांची रेखाटने पर्यावरणाच्या इतिहासाची साधने आहेत. त्या दिवशी, त्या प्रहरी, त्या डोंगरावर झाडी किती होती, नदीचे पात्र कुठवर होते, वस्ती कोठे सुरू होत होती, याची साक्ष ती देतात. घोटीव तैलचित्रात सौंदर्यासाठी फेरफार होतात; स्थळावरील घाईच्या रेखाटनात फेरफार करण्यास अवधीच नसतो. म्हणून ही कच्ची पत्रके अधिक विश्वासार्ह ठरतात.

या मुद्द्याचा स्थानिक संदर्भ लक्षणीय आहे. १८७३मध्ये मुंबईहून उत्तरेकडे निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी कुर्ला, भांडुप, ठाणे या मार्गाने, म्हणजे साष्टीच्या डोंगररांगेच्या पूर्व पायथ्याने जात असे. दिंडोशी याच रांगेच्या पश्चिम उतारावर वसली आहे. त्या काळी रांगेतील विहार तलाव (१८६०) पूर्ण होऊन जेमतेम तेरा वर्षे झाली होती आणि तुळशी तलावाचे (१८७९) काम चालू होते. मुंबई शहराची तहान भागवण्यासाठी साष्टीच्या दऱ्या पाण्याखाली जात होत्या. पुढे पवई तलाव आला, स्वातंत्र्योत्तर काळात आरे दुग्ध वसाहत (१९४९) आणि गोरेगावची चित्रनगरी (१९७७) झाली, आणि डोंगरउतारांवर दाट वस्ती उभी राहिली. कान्हेरीच्या शंभरांहून अधिक लेण्यांसह सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रूपाने टिकून आहे. त्याच्या सीमेवरील झाडी, वस्ती आणि रस्ते यांचा प्रश्न अनेकदा सार्वजनिक वादाचा विषय झाला आहे.

अशा वादांत पूर्वी येथे काय होते, हा प्रश्न नेहमी उपस्थित होतो. त्याचे उत्तर नकाशे, महसुली दप्तर, गॅझेटिअर आणि छायाचित्रे यांत शोधले जाते. जलरंगचित्रांचा विचार क्वचितच होतो. एकोणिसाव्या शतकातील निसर्गचित्र हे एक प्रमाण म्हणून वापरता येते. मात्र ते वापरताना दोन प्रश्न सतत सोबत ठेवावे लागतात. चित्रकाराने काय पाहिले, हा पहिला. चौकटीत बसावे म्हणून त्याने काय गाळले, हा दुसरा. साष्टीच्या जंगलात पिढ्यान्पिढ्या राहत असलेले वारली व इतर आदिवासी समाज 'चित्रसदृश' चौकटीत आले तर ठिपके म्हणूनच आले असते. पुढे विसाव्या शतकात वारली चित्रे कलादालनांत पोहोचली आणि ज्यांना चित्राचा विषयही मानले जात नव्हते त्यांनी आपली भूमी स्वतः रेखाटली. त्या चित्रांत माणूस प्रमाण दाखवण्यापुरता नसतो. झाड, प्राणी आणि माणूस एकाच पातळीवर, एकाच फेरात असतात. हा भेद वर्गात दोन चित्रे शेजारी ठेवून सहज दाखवता येतो.

९. समारोप

भारतातून परतल्यावर लिअर इटलीतील सान रेमो येथे स्थायिक राहिले. जॉर्जिओ १८८३मध्ये निवर्तला. २९ जानेवारी १८८८ रोजी लिअर यांचे निधन झाले. त्यांची भारतीय दैनंदिनी त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. रे मर्फी यांनी संपादित केलेला तिचा निवडक भाग १९५३मध्ये लंडनमध्ये प्रकाशित झाला. त्यांच्या निसर्गरेखाटनांचा सर्वांत मोठा संग्रह हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. भारतीय चित्रांवर विद्या दहेजिया यांनी १९८९मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि एका भारतीय कलेतिहासकाराच्या नजरेतून या चित्रांचे पुनर्वाचन सुरू झाले.

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, लिअर यांची निसर्गचित्रे आणि निरर्थकाव्य ही एकाच दृष्टीची दोन रूपे आहेत. रेषा, शब्द आणि त्यांतील खेळकरपणा दोन्हींत समान आहे. दुसरा, 'द कमरबंड' ही केवळ विनोदी कविता म्हणून वाचल्यास तिच्यातील माणसे दिसत नाहीत आणि केवळ वसाहतवादी कविता म्हणून वाचल्यास तिच्यातील स्वकीयांवरील उपरोध दिसत नाही. तिसरा, दिनांकित जलरंगरेखाटने ही पर्यावरण व नागरी इतिहासाची उपेक्षित साधने आहेत. इतिहास, भूगोल, मराठी, इंग्रजी आणि कला या विभागांनी त्यांचे संयुक्त अध्यापन केल्यास ते विद्यार्थ्यांना उपकारक ठरेल.

या कवितेचे वर्गातील वाचन मराठी विद्यार्थ्यांपासून सुरू व्हावे, हे सर्वांत श्रेयस्कर. धोबी, आया, चपराशी आणि भिस्ती कोण, हे त्यांना तळटीप न वाचता कळते. दीडशे वर्षांपूर्वी छापलेल्या त्या कवितेचा एक अर्थ इंग्रज वाचकाला कधीच पूर्ण उमगणार नव्हता. तो आपल्या भाषेत सुरक्षित राहिला आहे. त्या शब्दांमागील माणसांची ओळख करून देणे हे अध्यापनाचे काम आहे. दिंडोशीच्या टेकडीकडे पाहताना दूरच्या शिखराबरोबर पायथ्याशी राबणाऱ्या माणसाकडेही नजर वळली, तर एका जुन्या जलरंगचित्राचा अभ्यास सार्थकी लागला असे म्हणता येईल.